बांची पदकं आणि साईंलाकाकांची बोटं

थुमाखर्क, मंसिर ९

तीर्थस्वरूप थोरले दाजू यांच्या चरणी धाकट्या कान्छाचा दंडवत (कान्छाला येत्या माघात छप्पन्न पुरी होतील, पण धाकटा तो धाकटाच). वहिनींना नमस्कार, नातीला गोड पापा. इकडे आम्ही सगळे डोंगराच्या कृपेने उभे आहोत. म्हैस व्याली, रेडकू नर निघालं. हिची कंबर कधी धरते, कधी सोडते. सोडते तेव्हा ही मला धरते. तुमच्या गुडघ्याला तिकडची थंडी सोसत नाही हे वाचून जीव कळवळला. इथली थंडी सोसत होती तेव्हा तुम्ही गुडघ्यासकट इंग्लंडात जाऊन राहिलात, त्यावर मी धाकट्याने काय बोलावं? तेल लावत जावं.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला अडीच महिने लागले, त्याची आधी माफी मागतो. शेवटी एका कागदावर तुमची सही मागणार आहे हेही आधीच सांगून टाकतो. कागद सोबत जोडला आहे, पण तो इतक्यात उघडू नये. आधी हे वाचावं, आणि वाचताना बसलेलं असावं.

तुम्ही लिहिलं होतंत की नातीला शाळेत पणजोबांच्या लढाईवर दोन पानं लिहून न्यायची आहेत, तेव्हा बांची पलटणीतली सगळी नोंद काढून पाठव: भरती कधी झाले, ब्रह्मदेशात कुठे लढले, तो पूल एकट्याने कसा राखला. (पूल हा शब्द बांच्या तोंडून मी एकदाच ऐकला, आपल्या ओढ्यावरचा वाहून गेला तेव्हा.) बांचा हुद्दा काय होता हे घरात कुणी कधी विचारलं नाही. गावाने त्यांना 'सुभेदारबा' केलं आणि तुमच्या पत्रात बघतो तर तिकडे ते कॅप्टन झालेले. मेल्यावर एकवीस वर्षांत माणसाला इतकी बढती मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हटलं, कर्नल होण्याच्या आत खरी नोंद काढलेली बरी.

आता पदकं. तीन होती. त्यातला तारा तुम्ही भरती झालात तेव्हा नेलात, तो हाँगकाँगपासून तुमच्या भिंतीवर मखमलीत चिकटून आहे. इथे उरली दोन. त्यातलं एक कोदोची दारू ज्या रांजणात मुरते, त्याच्या तोंडावरचं फडकं उडू नये म्हणून वजन ठेवलेलं सापडलं. दुसरं सापडायला शोधावं लागलं नाही, कारण ते रोज माझ्यासमोर हिंडतं. हिने ते आईच्या जुन्या रुपयांच्या माळेत, बरोबर मधोमध ओवून घेतलं आहे आणि गावातल्या बायकांच्या आमा समूहाच्या नाचात तेच घालून ती पहिल्या रांगेत असते. मागितलं तर म्हणाली, "सासूबाईंनी माझ्या गळ्यात घातलंय, तुमच्या नाही. पाहिजे तर मला सगळी उचलून पोखऱ्याला न्या." दोन आठवडे बोलणी चालली. शेवटी डुकराची खोपटी मी एकट्याने शाकारावी आणि नाचाच्या दिवसाआधी पदक गळ्यात परत यावं, एवढ्यावर तह झाला. खोपटी शाकारताना मी दोनदा खाली आलो, एकदा डुकरावर.

दोन्ही पदकं राखेने आणि लिंबाने घासली तेव्हा त्यांच्या कडेवर, अगदी पातळ धारेवर, बारीक इंग्रजी अक्षरं वर आली. मी शाळेतलं भिंग आणलं. शिपाई मनधोज गुरुंग, आणि त्याआधी नंबर: सात आठ पाच तीन. दाजू, खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. (तीच छाती जी भरतीच्या वेळी तीनदा अर्धा इंच कमी भरली आणि म्हणून मी मास्तर झालो.) तुमच्या ताऱ्याच्याही पाठीवर हेच असणार. इतकी वर्षं तुम्ही त्याचं तोंडच बघत आलात, गोंदामुळे पाठ दिसली नसेल.

मग पोखऱ्याची बस. तिचं वर्णन करत नाही, तुम्ही ती विसरला असाल तर सुखी आहात. माजी सैनिकांच्या कचेरीत दलमर्दन पुन म्हणून एक निवृत्त हवालदार कारकून आहे. पदकं हातात घेतली, नाव वाचलंच नाही, म्हणाला, "म्हणजे त्रेपन्न." मी म्हटलं त्रेपन्न नव्हे, मनधोज. तर मलाच शिकवायला लागला, "मास्तर, एकेका कंपनीत सात-सात मनधोज असायचे. नावाने हाक मारली तर सातही धावत यायचे. पलटणीत शेवटचे दोन आकडे हेच आईबापाने ठेवलेलं नाव." तुम्हाला हे ठाऊकच असेल, मला नवीन होतं. मग आतून एक भलं मोठं रजिस्टर घेऊन आला आणि त्रेपन्नची ओळ वाचू लागला. भरती अमुक साली, मुलूख लमजुंग, गाव थुमाखर्क. मी मान डोलावतोय. उंची पाच फूट एक इंच. इथे माझी मान थांबली. आपले बा दारातून वाकून येत. मी म्हटलं, जुन्या काळची फूटपट्टी असेल. पुढे वाचलं: ओळखीची खूण, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं ब्रह्मदेशात गोळीने गेलेली.

मी म्हटलं, रजिस्टर चुकलं आहे. माझ्या बापाला मरेपर्यंत दहा बोटं होती आणि त्या दहांचा प्रसाद मी स्वतः खाल्ला आहे. पुन म्हणाला, "मग घरी आल्यावर फुटली असतील." मी आवाज चढवला, तुम्हाला वीर लोकांची किंमत नाही वगैरे बोललो. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, लढाईत कारकुनाला जेवायला वेळ नव्हता. तो कुणाची नसती बोटं कापत बसेल?" त्याने आणखी एक कागद काढून दाखवला होता, त्याचं मी पुढे लिहीन. मी तडक बाहेर पडलो आणि रागाच्या भरात चुकीच्या बसमध्ये बसलो.

त्या चुकीच्या बसमध्ये, मांडीवर कुणाची तरी कोंबडी घेऊन, मी गावातल्या माणसांची बोटं मोजत होतो. मोजायला फार लागलं नाही. थुमाखर्कात आठ बोटांचा एकच माणूस आहे, वरच्या पाड्यावरचे साईंलाकाका.

तुम्हाला ते आठवतील ते थापाडे म्हणूनच आठवतील. आपण त्यांना तेच मानत आलो. तीन नंबरचा मुलगा म्हणून साईंला. खरं नाव हर्कजंग हे मला परवा कळलं, आणि गावात विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे जेठा, माईला, साईंला, कान्छा एवढ्यावर माणसाचा जन्म निघतो. बारशाचं नाव लामाला माहीत असतं नाहीतर पलटणीला. काका सणासुदीला दोन घोट पोटात गेले की ब्रह्मदेश सुरू करायचे: चिखल किती, जळवा कशा, खेचरं बुडाली तेव्हा ओरडली कशी. आणि सगळे हसायचे, कारण पदकं त्यांच्याकडे नव्हती, बांकडे होती. बा मात्र कधी अवाक्षर बोलायचे नाहीत. आपण म्हणायचो, खरा शूर माणूस बोलत नाही. तुम्हीही हाँगकाँगहून हे वाक्य दोनदा लिहिलं होतंत.

मी गेलो तेव्हा काका अंगणात पाठीवर न्यायचा बांबूचा डोको विणत होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झाले, तरी आठ बोटं अशी चालतात की माझ्या दहांना लाज वाटावी. मी पदकं पुढे केली नाहीत, नुसतं विचारलं, "काका, त्रेपन्न कोण?" विणणं थांबलं. मग म्हणाले, "जेठा कसा आहे? त्याची पेन्शन चालू आहे ना?" पहिलं तुमचं विचारलं, दाजू.

मग सांगितलं ते थोडक्यात असं. गल्लावाला (भरतीची पोरं गोळा करणारा, तुमच्या वेळचा चकणा नव्हे, त्याचा चुलता) गावात आला, बांची उंची-छाती मोजून नाव लिहून घेतलं. साईंलाकाका एका इंचाने नापास. निघायच्या पहाटे आजी चुलीपाशी लोळण घेऊन रडली, कारण तिची पाच पोरं गेली होती आणि हे एकच उरलं होतं. बा कोदोच्या कणगीत जाऊन लपले. गल्लावाल्याने डेपोला आकडा कळवलेला, एक माणूस कमी नेला तर त्याची अब्रू जाणार. त्याने आवाज दिला, "मनधोज गुरुंग!" आणि काका म्हणाले, "हजर." त्यांना जायचंच होतं. डेपोत मोजमापाच्या वेळी गल्लावाल्याने त्यांना रांगेच्या वरच्या टोकाला, चढावर उभं केलं. निघताना बांनी कणगीतून हात काढून आपले नवे जोडे तेवढे दिले, आणि मग पकडतील या भीतीने लढाई संपेपर्यंत आजीच्या माहेरी दडून राहिले, म्हणून तेही पलटणीत गेले असंच गाव समजलं. गावात कुणी विचारलं नाही, कारण गावाच्या लेखी साईंला गेला होता आणि पलटणीच्या लेखी मनधोज आला होता, आणि दोघांनाही दुसऱ्याचं नाव माहीत नव्हतं.

लढाई संपली, काकांना बाकीच्यांबरोबर घरी धाडलं, पेन्शन नाही. ते पोट भरायला आसामात गेले ते अकरा वर्षांनी आले. मधल्या काळात सुट्टीवर येणाऱ्या कुणीतरी डेपोतून पुडकं आणलं: मनधोज गुरुंग, थुमाखर्क. ते मनधोज गुरुंगाच्या घरी पोचलं, ह्यात त्या बिचाऱ्याची काय चूक? बांनी पुडकं फोडलं. परत कुणाला देणार, आणि काय सांगून? आईने ती पदकं भिंतीवर टांगली. लोक येऊन रामराम करू लागले. काका परत आले तोवर बा सुभेदार झाले होते. बा त्यांच्या पाया पडले म्हणे, गोठ्यामागे. म्हणाले, घेऊन जा. काका म्हणाले, खोट्या नावाने भरती झाल्याचं कळलं तर मला आत टाकतील, राहू दे तुझ्याकडे. पुढे तुमची भरती निघाली. साहेबाने विचारलं, बाप कोण, आणि तुम्ही पदकं दाखवलीत. मग तर बोलायची सोयच उरली नाही. "जेठाची भाकरी जाईल," म्हणाले, "दोन धातूच्या चकत्यांपायी."

आता मला एकेक गोष्ट आठवते आणि मी अंगणात फेऱ्या मारतो. दर दशैंच्या सणाला रक्सीचा पहिला पेला बा स्वतः उठून साईंलाकाकांना द्यायचे, आणि आपल्याला वाटायचं बांचं मन मोठं. बा गेल्यावर त्यांच्या जिवाला वाटेला लावायच्या अर्घौंत आपण बांबूचा पुतळा केला, त्याला बांचे कपडे नेसवले आणि छातीवर ही पदकं लावली. ढोल वाजत होते, लामा बांच्या जिवाला वाट सांगत होता. तेवढ्यात गर्दीतून काका पुढे आले आणि टाचा जुळवून पुतळ्याला सलाम ठोकला. तीन बोटांचा डावा हात मांडीला घट्ट. आपण दोघं एकमेकांकडे बघून हसलो होतो, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, म्हातारा आज लवकर चढवून आला. ते बांना सलाम करत होते की स्वतःच्या पदकांना, हे मी परवा विचारलं. म्हणाले, "दोघांना. तुझा बाप वाईट नव्हता रे, भित्रा होता. भित्रा माणूस शेजारी म्हणून फार चांगला."

मला बांचा राग येतो आणि मग कीव येते. चाळीस वर्षं भिंतीकडे पाठ करून जेवले बिचारे. आपल्याला वाटायचं त्यांना चुलीची ऊब लागते.

तर मी पुन्हा पोखऱ्याला जाऊन आलो, आणि पुन हवालदाराचं म्हणणं असं की काका अजून हयात आहेत, बोटं जुळतात, उंची जुळते, म्हणून कचेरी त्यांना लढाईतला शिपाई मानायला तयार आहे. त्यांचं नाव लागेल, औषधपाणी मिळेल, घरावर पत्रा चढेल (अजून गवतच आहे, आणि ते माझ्या खोपटीपेक्षा वाईट शाकारलेलं आहे). फक्त ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्या सगळ्या मुलांनी लिहून द्यायला हवं की आमचा बाप कधीही पलटणीत नव्हता. सगळी मुलं म्हणजे मी आणि तुम्ही. आता सोबतचा कागद उघडायला हरकत नाही.

तुम्हाला काय वाटत असेल ते मला कळतं. तुमची पेन्शन जाईल का, हे मी तुमच्या आधी विचारून घेतलं. पुन म्हणाला, बावीस वर्षं त्यांच्या स्वतःच्या पायांनी कवायत केली ना, मग झालं. नातीच्या दोन पानांचं काय करायचं ते मात्र मला सांगता येत नाही.

बाकी सर्व क्षेम. वडिलांस न शोभणारं काही लिहिलं गेलं असेल तर धाकटा म्हणून पोटात घालावं.

आपला आज्ञाधारक,
कान्छा (यमकुमार)

ता. क. तारा चौकटीतून काढताना पातं चालवू नये, वाफ द्यावी, गोंद सुटतो. पोस्टाने पाठवू नये. आपल्या गावाला पुडकं कुणाच्या घरी पोचेल याची खात्री नाही.

ता. क. दुसरा. पुनने दाखवलेला आणखी एक कागद, ज्याचं पुढे लिहितो म्हणालो होतो. न लिहिताच पाकीट बंद करणार होतो. वर मी बांना, गल्लावाल्याला, थोडं तुम्हालाही बोल लावला आहे. सोळा वर्षांपूर्वी, बा जाऊन आणि तुम्ही निवृत्त होऊन झाल्यावर, काका एकदा त्या कचेरीत गेले होते. मी दुसऱ्याच्या नावाने लढलो म्हणाले, पण कुणाच्या ते काही केल्या सांगेनात. साहेबाने गावच्या मास्तराकडून दाखला मागवला. तो दाखला मी दिला. "सदर इसम कधीही पलटणीत नव्हता. गावात थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे." खाली माझी सही, शाळेचा शिक्का, आणि अक्षर असं वळणदार की पुनने त्याचं कौतुक केलं. त्याच वर्षी काकूंच्या डोळ्यांवर पडदा आला होता. शिबिरात फक्त शिपायांच्या घरच्यांचे डोळे मोफत करत होते. काकू पुढची सहा वर्षं भिंत चाचपत चालल्या आणि तशाच गेल्या. मी ह्या बाईच्या हातचं ढिंडो खाऊन मोठा झालो. दाखला लिहिताना मला मजा वाटली होती, दाजू, हे कुणाला सांगू? म्हणून तुम्हाला सांगितलं. हिला कळवू नये.

ता. क. तिसरा, मंसिर १३. पत्र अजून घरातच आहे, कारण नाच काल झाला आणि त्याआधी पदक गळ्यातून निघेना. रात्री हिला सगळं सांगून टाकलं, तर सकाळी हिने स्वतःच दोरा तोडून पदक माझ्या हातात ठेवलं. (दाखल्याचं तिला आधीपासून माहीत होतं. सोळा वर्षं माहीत होतं. काकूंना धरून पाणवठ्यावर कोण नेत होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.) दोन्ही घेऊन वर गेलो. काकांनी ती शर्टाला पुसली, अंगठा कडेवरून फिरवला, म्हणाले, वाच. मी नंबर वाचायला लागलो. सात आठ म्हणेपर्यंत त्यांनी पाच तीन म्हणून टाकलं. मी दाखल्याबद्दल पाय धरले. म्हणाले, "अक्षर तुझंच होतं, बघूनच ओळखलं. मीच तुझ्या बापाला म्हटलं होतं, ह्याला भरतीला धाडू नको, शाळेत घाल. माझीच चूक." मग थोड्या वेळाने, जरा लाजत, म्हणाले की पासष्ट वर्षांत त्या नावाने कुणी हाक मारली नाही. एकदा मार.

दाजू, बापाचं नाव मुलाने तोंडाने घ्यायचं नसतं. मी उभा राहिलो आणि शाळेत हजेरी घेतो त्या आवाजात ओरडलो, "सात आठ पाच तीन, शिपाई मनधोज गुरुंग!" काका खांब धरून उठले, खांब सोडला, टाचा जुळवल्या. "हजर, साब!" आवाज खालच्या पाड्यापर्यंत गेला, ही धावत आली. ते तसेच ताठ उभे, नजर समोर. पुढे काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नाही, मी भरतीत तीनदा नापास झालेला माणूस, मी नुसता रडत होतो. शेवटी तेच ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, "मास्तर, आराम म्हण. पाय थरथरतात."

म्हणालो. सही करा, दाजू.